चावीतला सेल संपला तरी गाडी उघडते आणि सुरूही होते

हँडलला नुसता हात लावला की उघडणारी गाडी एखाद्या दिवशी ढिम्म राहते. बटण दाबून बघावं, जोरात दाबून बघावं, चावी काचेला चिकटवून बघावी. दिवा लुकलुकत नाही की कुलूप खटकत नाही. मग माणूस थेट टोइंगवाल्याचा नंबर शोधायला लागतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. चावीतला नाण्याएवढा सेल संपला असेल, तर गाडी उघडता येते, सुरू करता येते आणि हवी तितकी चालवताही येते, तीही त्याच चावीने. फक्त दोन जागा ठाऊक हव्यात: दारावरचं झाकलेलं कुलूप कुठे आहे आणि चावीतली चिप गाडी कुठे वाचते.

या लेखात चावीतल्या त्या चपट्या गोल सेलला ‘सेल’ म्हणतो आणि बॉनेटखालच्या मोठ्या बॅटरीला ‘बॅटरी’, म्हणजे गोंधळ नको.

एका डबीत तीन चाव्या

स्मार्ट की म्हणून जी प्लास्टिकची डबी मिळते, तिच्यात खरं तर तीन वेगवेगळ्या चाव्या असतात. एक रेडिओची, एक चिपची आणि एक साधी धातूची. सेल लागतो तो फक्त पहिलीला.

रेडिओची चावी कशी चालते ते आधी बघू. तुम्ही हँडलला हात लावता तेव्हा दारातला अँटेना एक हाक मारतो. ही हाक अगदी कमी फ्रिक्वेन्सीची असते, साधारण १२५ किलोहर्ट्झची, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने विरतं, एक-दीड मीटरपलीकडे पोचतच नाही. त्यामुळे चावी नेमकी याच दाराजवळ आहे, पलीकडच्या गल्लीत नाही, हे गाडीला कळतं. गाडीत असे अँटेने अनेक ठिकाणी बसवलेले असतात, म्हणून चावी आत आहे की बाहेर हेही तिला ओळखता येतं.

चावी ही हाक ऐकून जागी होते आणि उत्तर देते. हे उत्तर मात्र वरच्या फ्रिक्वेन्सीवर जातं, काही देशांत ३१५ मेगाहर्ट्झ, तर बऱ्याच ठिकाणी ४३३.९२ मेगाहर्ट्झ. गाडी दर वेळी नवा आकडा पाठवते आणि चावीने गुप्त गणित करून त्याचं बरोबर उत्तर द्यायचं असतं. कालचं उत्तर आज चालत नाही. ही हाक सतत ऐकत राहायला आणि उत्तर ओरडून द्यायला वीज लागते, आणि ती सेल पुरवतो. लॉक-अनलॉकची बटणंही याच रेडिओवर चालतात. सेल गेला की हे सगळं एकदम मुकं होतं.

दुसरी चावी म्हणजे ट्रान्सपॉन्डर, एक इवलीशी चिप आणि तिच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. तिला सेलची गरजच नाही. ऑफिसच्या दारावर आपण ओळखपत्र टेकवतो तसाच हा प्रकार आहे: त्या कार्डात कुठे सेल असतो? गाडीतल्या कॉइलने चुंबकीय क्षेत्र तयार केलं की चिपच्या वेटोळ्यात थोडी वीज निर्माण होते, तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपली ओळख पटवते. मात्र हे सगळं काही सेंटीमीटरच्या आतच होतं. म्हणून चावी खिशात असून भागत नाही, ती नेमक्या जागी टेकवावी लागते.

ही चिप कीलेस गाड्यांसाठी शोधलेली नाही. चोरांनी तारा जोडून गाडी पळवू नये म्हणून १९९०च्या दशकात, ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारे इमोबिलायझर आले आणि साध्या, वळवायच्या चाव्यांच्या डोक्यात ही चिप बसू लागली. युरोपीय संघात १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला, कॅनडात २००७पासून. हँडलला हात लावून उघडणाऱ्या गाड्या सर्रास दिसू लागल्या त्या नंतर. म्हणजे जुनी व्यवस्था काढून नवी आणली असं झालं नाही, जुनीवर नवी चढवली. आज सेल संपल्यावर आपण जे करतो ते एवढंच, की वरचा मजला सोडून खालच्या मजल्यावर येतो.

तिसरी चावी म्हणजे डबीच्या पोटात सरकवलेलं धातूचं पातं. कित्येकांनी ते गाडी घेतल्यापासून एकदाही बाहेर काढलेलं नसतं.

संपलं काय, सेल की बॅटरी?

पुढचं काही करण्याआधी हे ठरवा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

चावीवर छोटा दिवा असेल तर बटण दाबताना त्याच्याकडे बघा. दिवा लागतच नाही किंवा मंद लागतो, तर बहुधा सेल. दिवा झगझगीत लागतो आणि गाडी गप्प, तर संशय बॅटरीवर. दुसरी चावी हाताशी असेल तर प्रश्नच मिटतो: ती चालली तर पहिलीचा सेल गेला, दोन्ही चालत नसतील तर गाडीकडे बघा. दार उघडल्यावर आतला दिवा लागला नाही, डॅशबोर्ड काळाकुट्ट राहिला, तर गाडीची बॅटरी बसली आहे. अशा वेळी चिप कितीही टेकवा, उपयोग नाही. चिपला वीज देणारी कॉइलच उपाशी आहे. तिथे जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून गाडी सुरू करणं, हाच मार्ग.

तिसरी शक्यता लोक विसरतात. मोठ्या रेडिओ टॉवरजवळ किंवा तसल्याच गोंगाटाच्या जागी चावीचं उत्तर गाडीला ऐकूच येत नाही. चावी मोबाइलला चिकटून खिशात असेल तरी कधी कधी असंच होतं. फोन बाजूला करून एकदा बघायला काही लागत नाही.

दार उघडताना

डबीच्या मागे किंवा कडेला एक छोटी कळ असते. ती दाबून किंवा सरकवून धरा आणि पातं ओढा. काही चाव्यांत ते झटकन हातात येतं, काहींत नखाने ओढावं लागतं.

आता दार. पुष्कळ गाड्यांच्या ड्रायव्हरच्या दारावर कुलूपच दिसत नाही. ते असतं, पण हँडलच्या टोकाशी असलेल्या रंगीत टोपणाखाली. टोपणाच्या खालच्या बाजूला बोटाने चाचपलं की एक बारीक फट लागते. पात्याचं टोक त्या फटीत घालून वरच्या दिशेने अलगद उचकटायचं. पुष्कळ गाड्यांत यासाठी हँडल आधी बाहेर ओढून धरावं लागतं, नाहीतर फट उघडी पडत नाही. टोपण प्लास्टिकच्या आकड्यांवर बसलेलं असतं. घाईत आडवं ओढलं तर आकडा तुटतो आणि टोपण पुन्हा नीट बसत नाही. निघालं की खिशात टाका, टपावर ठेवू नका.

पातं घालून फिरवा. वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप घट्ट वाटणारच. जरा मागेपुढे करून फिरवा, पण मुरगाळू नका, ही पाती पातळ असतात.

दार उघडताच गाडी बोंब मारू शकते. रेडिओवरून परवानगी न घेता कोणी दार उघडलं, म्हणजे गाडीच्या दृष्टीने ती चोरीच. हॉर्न वाजतो, दिवे लुकलुकतात, आजूबाजूचे लोक वळून बघतात. बघू द्या. चिप ओळखली गेली आणि गाडी सुरू झाली की अलार्म बंद होतो.

सुरू करताना

इथे प्रत्येक गाडीची रीत वेगळी आहे. तत्त्व एकच: डबी कॉइलच्या अगदी जवळ न्यायची. पण कॉइल कुठे बसवायची हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलं आहे.

सगळ्यात जास्त दिसणारी जागा म्हणजे स्टार्टचं बटण. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक दाबून धरायचा, डबीची बोधचिन्ह असलेली बाजू बटणाला टेकवायची, आवाज आला की लगेच बटण दाबायचं. ह्युंदाईच्या अनेक मॉडेल्समध्ये बोटाऐवजी डबीनेच बटण दाबायचं असतं. काही गाड्यांत मधल्या कन्सोलमध्ये, आर्मरेस्टच्या कप्प्यात किंवा कप ठेवायच्या खोबणीच्या तळाशी चावीसाठी खास जागा केलेली असते. काहींत स्टिअरिंगच्या खांबावर चावीचं बारीकसं चित्र कोरलेलं असतं आणि डबी तिथे धरायची असते. गिअर हाताने बदलायची गाडी असेल तर क्लचही पूर्ण दाबा.

पहिल्या फटक्यात जमलं नाही तर डबी उलटी करून बघा, कारण चिप एका बाजूला असते. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी किंवा टेकवायचं कार्ड असेल तर ते बाजूला करा. एकाच क्षेत्रात दोन चिपा एकदम बोलायला लागल्या की गाडीला कोणाचंच ऐकू येत नाही. डॅशबोर्डवर ‘चावी सापडली नाही’ असा संदेश आला तरी निराश होऊ नका. तो रेडिओच्या चावीबद्दल बोलतो आहे, चिपबद्दल नाही.

ही नेमकी जागा गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेली असते आणि पुस्तिका असते गाडीच्या आत, बंद दारापलीकडे. तेव्हा आजच त्या पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

गाडी एकदा सुरू झाली की ती चालत राहते. रस्त्यात मध्येच सेल पूर्ण मेला तरी इंजिन बंद पडत नाही. फार तर चावी दिसत नसल्याची तक्रार गाडी करत राहील. चालत्या गाडीचं इंजिन चावीअभावी तोडणं धोक्याचं ठरेल, म्हणून ती तशी बनवलेलीच नसते.

बंद करताना जास्त सांभाळा

माझ्या मते या सगळ्या भानगडीतली सर्वात फसवी जागा ही आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

एरवी चावी गाडीत विसरून दार लावलं तर कीलेस गाडी लॉक व्हायला नकार देते, किंवा बीप बीप करून तुम्हाला परत बोलावते. आपल्याला या राखणदारीची इतकी सवय झालेली असते की चावी सीटवर टाकून उतरायला काही वाटत नाही. पण आतल्या अँटेन्यांना चावी दिसते ती चावीने रेडिओवर उत्तर दिल्यामुळे. सेल संपलेली चावी उत्तर देत नाही. गाडीच्या लेखी ती आत नाहीच. अशा वेळी तुम्ही आतलं लॉकचं बटण दाबून दार लोटलं, तर गाडी आज्ञाधारकपणे बंद होईल, आणि चिपही आत, धातूचं पातंही आत.

म्हणून सेल बदलेपर्यंत एक नियम पाळा: गाडीतून उतरताना डबी आणि पातं दोन्ही हातात. बॅगेत नाही, डिकीत ठेवलेल्या जॅकेटच्या खिशात तर मुळीच नाही. दार लावायचं, मग बाहेरून पात्याने कुलूप फिरवायचं. काही गाड्यांत पात्याने फक्त ड्रायव्हरचंच दार लागतं. बाकीची दारं आतल्या बटणाने आधी लावून घ्या आणि मग प्रत्येक हँडल ओढून बघा. डिकीसुद्धा.

सेल बदलणं

काम पाच मिनिटांचं आहे. सर्व्हिस सेंटरला जाण्याएवढं त्यात काही नाही.

पातं काढलं की त्याच्या खोबणीत किंवा कडेला एक खाच दिसते. तिथे चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर घालून किंचित पिळला की डबी दुभंगते. टोकाला चिकटपट्टी गुंडाळली तर प्लास्टिकवर ओरखडा उठत नाही. एका जागी जोर लावण्यापेक्षा कडेकडेने थोडं थोडं उचला. आत रबराची पातळ गादी असते, बटणं तिच्यावर बसलेली असतात आणि पाणीही तीच अडवते. ती जागेवरून हलू देऊ नका.

जुना सेल काढण्याआधी त्याची अधिक खूण कुठल्या बाजूला आहे ते बघा. सेल नखाने किंवा प्लास्टिकच्या काडीने उचला. लोखंडी टोकाने उचकटायला गेलात तर खालची पितळेची पट्टी वाकते, आणि मग नवा सेलही धड टेकत नाही. नवा सेल कडांना धरून बसवा, कारण बोटांचा तेलकटपणा पृष्ठभागावर राहिला तर संपर्क बिघडतो.

सेलवर लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ सीआर२०३२. ते वाचायला सोपं आहे. पहिले दोन आकडे म्हणजे व्यास, २० मिलिमीटर. पुढचे दोन म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. सीआर२०२५ तितकाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाडीचा, सीआर२०१६ तर १.६चा. तिघेही ३ व्होल्टचेच, त्यामुळे पातळ सेल घालून खाली साधा किंवा चांदीचा कागद कोंबायचा मोह होतो. नका करू. गाडी चार दिवस उघडेल आणि एका धक्क्यात सेल सुटेल. शिवाय पातळ सेलात मालही कमी: सीआर२०३२मध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास, सीआर२०१६मध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. एलआयआर असं लिहिलेला चार्ज होणारा सेलही घालू नका. तो पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो आणि चावीचं सर्किट ३ व्होल्टसाठी बनवलेलं असतं.

आणखी एक गंमत. लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात. हेतू उत्तम, पण लेप नेमका संपर्काच्या जागी आला तर काही उपकरणं चालत नाहीत. ॲपलनेही एअरटॅग या वस्तू शोधायच्या बिल्ल्याच्या सेलबाबत अशी सूचना दिलेली आहे. नवा कोरा सेल घालूनही चावी मुकीच असेल, तर सेल उलटा नाही ना, वरचं प्लास्टिकचं स्टिकर निघालं ना आणि कडू लेपाचा नाही ना, हे बघा.

सेल काढला की चावीची स्मृती जाईल, पुन्हा प्रोग्रॅमिंग करावं लागेल, ही भीती निराधार आहे. ओळखीची माहिती वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत असते. उलट सेल काढलेला असतानाच एक काम उरकून घ्या: रिकामी डबी घेऊन गाडीपाशी जा, पात्याने दार उघडा, चिप टेकवून गाडी सुरू करा. रंगीत तालीम घरासमोर झालेली बरी.

सेल एकदम का दगा देतो

लिथियमच्या या सेलचं व्होल्टेज आयुष्यभर जवळपास सपाट राहतं आणि अखेरीस धाडकन पडतं. त्यामुळे महिनोन् महिने काही जाणवत नाही. तरी खुणा असतात. आधी लांबून उघडणारी गाडी आता जवळ गेल्यावरच उघडते, बटण दोनदा दाबावं लागतं, थंडीच्या सकाळी चावी हटकून रुसते. जुन्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो, आणि गारठ्यात तो आणखी वाढतो. रेडिओ बोलायला लागला की क्षणभर जास्त करंट लागतो, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं आणि उत्तर अर्धवट राहतं. डबी मिनिटभर मुठीत धरून गरम केली तर कधी कधी एक शेवटचा निरोप जातो, तोही याच कारणाने. व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटरही इथे फसवतो. नुसता लावला तर थकलेला सेलही ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो, कारण त्या वेळी त्याच्याकडून काम कोणी मागतच नसतं. २.८च्या खाली आकडा दिसला तर मात्र विचार करत बसू नका, बदला.

साधारणपणे सेल एक ते तीन वर्षं पुरतो. चावी गाडीजवळच टांगलेली असेल तर काही गाड्या तिला सारख्या हाका मारत राहतात आणि ती उत्तरं देत बसते. टीव्ही, संगणक, चार्जर यांच्या शेजारी ठेवली तरी त्यांच्या चुंबकीय गोंगाटाने ती उगाच जागी होते. दोन मीटर बाजूला ठेवण्याने यातलं बरंच टळतं. कपाटात पडलेल्या दुसऱ्या चावीचाही सेल संपतो, हे लक्षात असू द्या. ती वापरात नसली तरी कान उघडे ठेवून बसलेली असते. टोयोटाच्या अनेक चाव्यांत लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की चावी झोपी जाते, दिवा चार वेळा लुकलुकून तसं सांगतो. पडून राहणाऱ्या चावीसाठी ही सोय झकास आहे. नंतर कुठलंही बटण दाबलं की ती जागी होते.

काढलेल्या सेलचं काय करायचं? तो चावीला पुरत नसला तरी त्यात वीज शिल्लक असते. लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकतं, आणि २० मिलिमीटरचे लिथियम सेल यात सर्वात धोकादायक. नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.